तारा त्याच, बिल दुसऱ्याचं: मुंबईच्या उपनगरात वीज कंपनी बदलताना

मे महिन्याचं वीजबिल आलं की अंधेरी, बोरिवली, चेंबूरकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "टाटा स्वस्त की अदानी? कोणी बदललंय का?" मग उत्तरांचा पाऊस. एक म्हणतो बदलल्यापासून बिल उतरलं, दुसरा म्हणतो फसलो. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. कारण कोण स्वस्त हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या वर्षी दर काय लागलेत आणि तुमच्या घरात महिन्याला किती युनिटं जळतात. शेजाऱ्याचा अनुभव त्याच्या युनिटांचा असतो, तुमच्या नाही.

मुळात हा प्रश्न पुणे, नाशिक, कोल्हापुरात पडतच नाही. तिथे घरगुती ग्राहकासाठी महावितरण, बस्स. भिवंडीत 2007 पासून टोरंटची माणसं बिल देतात, पण ती महावितरणची फ्रँचायझी आहे. दर महावितरणचेच, निवड नाहीच. गोव्यात तर सरकारचं वीज खातंच वीज देतं. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, बेस्ट. भांडुप-मुलुंडला महावितरण. उरलेल्या उपनगरात, वांद्र्यापासून थेट मीरा-भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चेंबूर-घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात, जुनी बीएसईएस होती. तिची पुढे रिलायन्स झाली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये अदानी. याच पट्ट्यात टाटा पॉवरलाही परवाना आहे. एकाच भागात दोन परवानेधारक, म्हणून निवड.

टाटा तर मुंबईला वीज पुरवत होती 1915 पासून. खोपोलीचं पाणी पडायचं आणि गिरणगावातले माग फिरायचे. पण शंभरेक वर्षं ती मुख्यतः घाऊक विक्रेती होती. मोठ्या गिरण्या, रेल्वे, आणि बेस्ट-बीएसईएससारख्या कंपन्या तिच्याकडून वीज घ्यायच्या आणि घरोघरी विकायच्या. टाटाने थेट तुमच्या-माझ्या घरात वीज विकायची का, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. 8 जुलै 2008 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परवान्यात तसा अधिकार आहे. आता अडचण अशी की अधिकार मिळाला तरी तारा कुठून आणायच्या? गल्लोगल्ली रस्ते खणून समांतर केबल टाकायला वर्षं लागतील. तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ऑक्टोबर 2009 मध्ये मधला मार्ग काढला: ज्यांच्या दारात टाटाची तार नाही त्यांनाही टाटाची वीज घेता येईल, आणि ती येईल जुन्या कंपनीच्याच तारांवरून.

याला चेंजओव्हर म्हणतात. टाटाची स्वतःची तार घरापर्यंत आली आणि तुम्ही तिच्यावर गेलात तर ते स्विचओव्हर. दोन शब्द सारखे वाटतात, बिलावर मात्र फरक पडतो.

बेस्ट मुंबई महापालिकेची आहे, म्हणून तिच्या हद्दीत हा मधला मार्ग चालत नाही. वीज कायदा 2003 ने स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वितरण व्यवस्थेला आपल्या तारा दुसऱ्याला वापरायला देण्याच्या सक्तीतून सूट दिली आहे. दादरचा माणूस म्हणूनच चेंजओव्हरचा अर्ज करू शकत नाही, अंधेरीचा करू शकतो.

वीज एकाची, वाट दुसऱ्याची

चेंजओव्हर समजायला एसटी आणि टोलरस्ता डोळ्यांसमोर आणा. गाडी कोणाचीही असो, टोल रस्तेवाल्याचाच. अदानीच्या तारांवरून टाटाची वीज घेतली तर तारांचं भाडं अदानीच्या दराने लागतं. बिलात त्याला वहन आकार म्हणतात. टाटा ते तुमच्याकडून घेते आणि अदानीला पोचवते. आयोगाच्या दरपत्रकात टाटाच्या स्वतःच्या तारांवरच्या ग्राहकांचा आणि चेंजओव्हरवाल्यांचा वहन आकार वेगवेगळा दिलेला असतो. जाहिरातीत किंवा ग्रुपवर फिरणाऱ्या तक्त्यात बहुधा पहिलाच रकाना असतो, तेव्हा आपण कुठल्या रकान्यात बसतो हे आधी बघायचं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. पावसाळ्यात केबल पंक्चर झाली, अर्ध्या गल्लीत अंधार पडला, तर कंपनी बदलल्याने तुमचे दिवे लवकर लागणार नाहीत. तार ज्याची, दुरुस्ती त्याची. तुमच्या बाजूचा फ्लॅट अदानीचा आणि तुमचा टाटाचा असला तरी दोघांकडे एकाच केबलमधून वीज येते. वीज वारंवार जाते म्हणून वैतागून चेंजओव्हर करणाऱ्यांची मला खरंच कीव येते. रोग एक, औषध दुसरं.

वहन आकारासोबत कधी कधी आणखी एक ओळ दिसते, क्रॉस-सबसिडी अधिभार. आपल्याकडे जास्त वीज वापरणारा आणि व्यापारी ग्राहक थोडा जास्त दर देतो, त्यातून झोपडीतल्या आणि वन रूम किचनमधल्या माणसाचा दर खाली राहतो. आता असा मोठा ग्राहक कंपनी सोडून गेला तर लहानांचा भार कोण उचलणार? म्हणून जाणाऱ्यावर अधिभार. 2009 नंतर सुरुवातीला नेमकं हेच झालं होतं. भरपूर युनिटं जाळणारे लोक आधी टाटाकडे धावले. 2011 मध्ये अधिभार आला. 2012 मध्ये तर आयोगाने टाटाला काही काळ सांगितलं की घरगुतीत महिन्याला 300 युनिटांच्या आतलेच नवे ग्राहक घ्या. पुढे ते बंधन अपिलात गेलं. त्यानंतर जुन्या कंपनीचा दरांतून भरून न निघालेला, वर्षानुवर्षं तुंबलेला खर्चही सोडून गेलेल्या ग्राहकांच्या बिलात आला. थोडक्यात, "सोडून गेलो, सुटलो" असं कधीच नव्हतं.

आणि दर उलटेही फिरतात. बरीच वर्षं टाटा स्वस्त म्हणून लोक तिकडे जात होते. 2024 च्या एप्रिलपासून टाटाचे दर चांगलेच वाढले आणि लोक परतीची वाट विचारायला लागले. दर कंपनी मनाने ठरवत नाही, आयोग काही वर्षांचा आदेश काढतो आणि मध्येच त्याचा फेरआढावाही घेतो. म्हणून मागच्या वर्षीचा तक्ता बघून निर्णय घेऊ नका.

बिल उघडून बसा

कंपनी बदलायचा विचार करणाऱ्याला मी आधी एकच काम सांगतो: मागची बारा बिलं काढा आणि फक्त युनिटं एका कागदावर लिहा. रुपये नको. मुंबईतल्या एसी असलेल्या घरात डिसेंबर-जानेवारीत 180 आणि मेमध्ये 450 असं चित्र सहज दिसतं. वर्षाचा हिशेब केल्याशिवाय तुलना फसवी.

मग बिलाची रचना. स्थिर आकार दर महिन्याला ठरलेला. गावाला जाऊन घर बंद ठेवलंत तरी लागतो, आणि थ्री-फेज जोडणी असेल तर सिंगल-फेजपेक्षा जास्त लागतो. दोनच माणसं राहतात, एक एसी आहे, तरी बिल्डरने दिलेली थ्री-फेज जोडणी चालू आहे, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. मग वीज आकार, म्हणजे युनिटांचे पैसे. मग वहन आकार, तोही युनिटावर. मग इंधन समायोजन आकार: कोळसा किंवा बाजारातली वीज अंदाजापेक्षा महाग पडली की हा वाढतो, स्वस्त पडली तर वजाही होऊ शकतो. या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. उशीर झाला तर विलंब आकार.

दोन कंपन्यांची तुलना करताना वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन एकत्र धरा, स्थिर आकार मिळवा, वर शुल्क लावा. नुसत्या वीज आकाराची तुलना म्हणजे भाजीचा भाव बघून खानावळ निवडणं. पोळीचे पैसे वेगळे आहेत हे नंतर कळतं.

आता टप्पे, म्हणजे स्लॅब. घरगुतीत 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत. यावर इतका गैरसमज आहे की शिकलेली माणसंही सांगतात, "300 च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने." तसं नाही. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ: पहिल्या 100 ला 4 रुपये, पुढच्या 200 ला 7 रुपये, त्यापुढे 10 रुपये. 350 युनिटं झाली तर पहिल्या शंभराचे 400, पुढच्या दोनशेचे 1,400 आणि वरच्या फक्त 50 युनिटांचे 500. एकूण 2,300. सगळ्या 350 ला 10 रुपये लागले असते तर 3,500 झाले असते. वरचा दर वरच्या युनिटांनाच.

याच गणितात बिलाच्या बहुतेक भांडणांचं मूळ आहे. समजा रीडिंग घेणारा एक महिना आलाच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांची 500 युनिटं एकदम लागली. ती एका महिन्याची धरली तर 400 अधिक 1,400 अधिक 2,000, म्हणजे 3,800. दोन महिन्यांत 250-250 वाटली तर प्रत्येकी 1,450, मिळून 2,900. वीज तेवढीच, 900 रुपयांचा फरक. म्हणून एकत्र रीडिंगच्या बिलात टप्पे महिन्यांच्या हिशेबाने वाढवून द्यावे लागतात: दोन महिने असतील तर पहिला टप्पा 100 ऐवजी 200 चा. तो दिला आहे का, हे बिलाच्या मागच्या बाजूच्या तक्त्यात दोन मिनिटांत तपासता येतं.

2020 च्या जूनमध्ये आख्ख्या महाराष्ट्राने हा धडा एकदम घेतला. लॉकडाउनमुळे मार्चपासून रीडिंग बंद, म्हणून हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं गेली. इकडे लोक घरात कोंडलेले, पंखे-एसी दिवसभर चालू, आणि एप्रिल-मेचा उन्हाळा. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि तीन महिन्यांची तफावत एका कागदावर आली. लोक भडकले, आयोगाने खुलासे मागवले, फार चढलेल्या बिलांना तीन हप्त्यांची सोय दिली गेली. खूपशा बिलांत टप्प्यांचा फायदा बरोबर दिला होता. तो दाखवणारा तक्ता मात्र सामान्य माणसाला वाचता येत नव्हता. तो दोष कंपन्यांचा की आपला, यावर मी अजूनही कंपन्यांच्या बाजूने बोट दाखवीन.

मीटरखोलीत जाऊन यायचं

बिल अचानक फुगलं आणि युनिटंच वाढलेली दिसली, तर तक्रार लिहिण्याआधी जिन्याखालच्या मीटरखोलीत जा. बॅटरी न्या, तिथला दिवा गेलेला असतोच. बिलावरचा मीटर क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक जुळतो का बघा. वर खडूने किंवा रंगाने लिहिलेल्या फ्लॅट नंबरवर विश्वास ठेवू नका. स्क्रीनवर आकडे आळीपाळीने येतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवा केडब्ल्यूएचचा आकडा, तेच युनिट. त्याचा फोटो काढा.

मग घरी कोणाला तरी फोन करून मेन स्विच पाडायला सांगा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला किती वेळा लुकलुकायचं ते मीटरवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ 3200. घरचा मेन बंद, तरी दिवा लुकलुकतोच आहे? मग एक तर मीटर आणि मेनच्या मध्ये गळती आहे, नाही तर कोणीतरी जोड घेतलाय, नाही तर हा मीटर तुमच्या घराचा नाहीच. जुन्या इमारतींत रंगकाम किंवा दुरुस्तीनंतर दोन फ्लॅटच्या वायरी अदलाबदल होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, बिल तीन हजार. वरच्या पाचजणांच्या कुटुंबाचं आठशे. कोणालाच शंका येत नाही, कारण ज्याचं बिल कमी येतं तो कशाला बोलेल?

दिवा थांबला, म्हणजे वायरिंग ठीक. तरी आकडा पटत नसेल तर मीटर तपासणीचा अर्ज करा. मीटर सदोष निघाला तर महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे तपासणीच्या निकालानुसार जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं. हे दोन्ही बाजूंना लागू आहे: मीटर हळू फिरत होता असं निघालं तर कंपनीही मागची कित्येक वर्षं उकरू शकत नाही.

प्रत्यक्ष बदल

अर्ज नव्या कंपनीकडे करायचा, जुनीकडे जाऊन राजीनामा द्यायची गरज नसते. चालू बिलाची प्रत, ओळखपत्र, जागेचा पुरावा. जुनीची थकबाकी नसावी. बिलावरचं नाव अजून आधीच्या मालकाचं असेल तर ते आधी बदलून घ्या, नाही तर अर्ज तिथेच अडकतो. (फ्लॅट विकत घेताना मागच्या मालकाची थकबाकी निघाली, तर वारस नसलेल्या नव्या मालकावर जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच जबाबदारी येते, हे लक्षात असू द्या.) भाड्याने राहत असाल तर मालकाची संमती लागेल.

मग ठरल्या दिवशी मीटर बदलतो. त्या दिवशी घरी रहा. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा, दोन्हींचा फोटो मीटर क्रमांकासकट काढा. बदलानंतरची जवळजवळ सगळी भांडणं याच दोन आकड्यांवरून होतात, आणि एकदा जुना मीटर निघाला की फोटोशिवाय पुरावा उरत नाही.

जुन्या कंपनीचं अंतिम बिल येतं. त्यातून तुमची सुरक्षा ठेव वजा व्हायला हवी, उरलेली परत मिळायला हवी. नव्या कंपनीकडे नवी ठेव भरावी लागते. 2021 च्या संहितेपासून ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी झाली आहे, म्हणून हल्ली वर्षातून एकदा नेहमीच्या बिलासोबत ठेवीचं वेगळं बिल येतं आणि लोक ते फसवणूक समजतात. ती दरवाढ नाही. ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याज मिळतं आणि ते बिलातच वळतं होतं. अंतिम बिलात ठेव वजा झालेली नसेल तर पावती शोधत बसू नका. ठेवीची रक्कम प्रत्येक मासिक बिलावर छापलेली असते, जुनं कुठलंही बिल चालतं.

वाद झाला तर

वीज कायद्याचं कलम 56 पाठ करण्यासारखं आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" हा मेसेज त्यामुळेच भामट्याचा आहे हे लगेच ओळखता येतं.

बिल चुकीचं वाटतं पण वीज जाऊ द्यायची नाही, तर निषेध नोंदवून रक्कम भरता येते. किती? मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती. वाद मिटेपर्यंत तेवढ्यावर जोडणी तोडता येत नाही. काउंटरवरचा माणूस हे स्वतःहून सांगत नाही. अर्जात कलमाचा उल्लेख करून पोच घ्या, सूर बदलतो.

जुन्या थकबाकीला दोन वर्षांची मर्यादा आहे असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. सतत बिलात दाखवत आलेली नसेल तर दोन वर्षांनंतर त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. पण कंपनीच्या चुकीने कमी लागलेलं बिल नंतर लक्षात आलं, तर ते दुसऱ्या मार्गाने वसूल करायला मोकळीक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

पायऱ्या अशा: आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि तक्रार क्रमांक. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल. राज्यात दोन लोकपाल आहेत, मुंबई आणि नागपूर. वकील लागत नाही. अर्जासोबत बारा महिन्यांच्या युनिटांचा तो कागद, मीटरचे फोटो आणि कंपनीची उत्तरं तारखेवार लावून जोडा. चेंजओव्हर झालेलं असेल तर एक काळजी जास्त: बिल आणि ठेवीची तक्रार जिचं बिल तिच्या मंचाकडे, आणि अंतिम बिलाचा वाद जुन्या कंपनीच्या मंचाकडे. दोन्ही एकाच अर्जात कोंबले की अर्धा अर्ज "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून परत येतो.